माडावरील सोंड्या भुंगा आणि गंधाचा सापळा

आंब्याची फांदी वाऱ्यानें मोडली तर तिच्या शेजारीं दुसरी फुटते. फणस अर्धा वाळला तरी बुंध्याकडून पुन्हां पालवतो. माडाचें तसें नाहीं. माडास वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याच्या गाभ्यांत. तो एकदां गेला कीं माड पांच वर्षांचा असो वा पन्नास वर्षांचा, त्याचें आयुष्य संपलें. हा गाभा व खोडाचा मऊ भाग हेंच ज्याचें अन्न, असा एक कीटक आपल्या वाड्यांतून वावरत आहे. त्यास आपणांकडे सोंड्या भुंगा म्हणतात. या भुंग्याविषयीं, आणि त्यास पकडण्यासाठीं जो गंधाचा सापळा हल्लीं मिळतो, ज्यास कृषि खात्याच्या पत्रकांत कामगंध सापळा असें नांव आहे, त्याविषयीं आपल्या वाचकांस कांहीं सांगावें असा आमचा हेतु आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेले व तीस गुंठे वडिलार्जित वाडी स्वतः पाहणारे आम्ही एक सामान्य बागाईतदार आहों. या विषयांत आम्हांस जें ज्ञान झालें त्यांतील निम्में जाणत्यांकडून मिळालें व निम्में स्वतःच्या नुकसानींतून मिळालें. दुसऱ्या प्रकारचें ज्ञान महाग पडतें. तें इतरांस फुकट मिळावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

शत्रूची ओळख

सोंड्या भुंगा हा तांबूस तपकिरी रंगाचा, सुमारें सव्वा ते दीड इंच लांबीचा कीटक असून त्याच्या छातीवर काळे ठिपके असतात. तोंडापुढें लांब, किंचित् बांकदार सोंड असते. नराच्या सोंडेवर वरच्या बाजूस केसांचा लहानसा झुपका असतो. मादीची सोंड साफ असते. मादी माडाच्या जखमेंत किंवा मऊ भागांत सोंडेनें भोंक पाडून आंत अंडीं घालते. एका मादीची आयुष्यभरांतील अंडीं सामान्यतः दोनशें ते तीनशें भरतात. तीं थोड्याच दिवसांत फुटून आंतून पिवळसर पांढरी, बिनपायांची, तांबड्या डोक्याची अळी निघते. ही अळीच खरी वैरीण. ती दीड-दोन महिने माडाचें अंतरंग पोखरीत राहते, मग काथ्यासारख्या तंतूंचा कोष स्वतःभोंवतीं गुंडाळते, आणि कोषांतून नवा भुंगा बाहेर पडतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा सर्व प्रवास सुमारें तीन ते चार महिन्यांचा असतो.

आमची संवय हिशेबाची. सबब एक साधा हिशेब वाचकांपुढें मांडतों. एका मादीनें दोनशें अंडीं घातलीं व त्यांतील शंभरास पांचच जगलीं असें धरलें, तर दहा भुंगे झाले. त्यांतील पांच माद्या धरल्या तर दुसऱ्या पिढींत पन्नास, आणि त्यांतील पंचवीस माद्यांपासून तिसऱ्या पिढींत अडीचशें. म्हणजे वर्षाच्या आंत एका मादीचे अडीचशें वारस उभे राहतात. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे हें खरें. परंतु आज पकडलेली एक मादी म्हणजे काय, तें यावरून ध्यानांत यावें.

या कीटकाचा मोठा कपटीपणा असा कीं, तो सर्व काम झांकल्या दारामागें करतो. खोडावर लहान छिद्र दिसतें, त्यांतून तपकिरी चिकट रस ओघळतो, चावलेला भुसा बाहेर येतो. आंतल्या बाजूच्या झावळ्या पिवळ्या पडूं लागतात. शांत वेळीं खोडास कान लावला असतां आंत कुरकुर ऐकूं येते. हीं चिन्हें आरंभींच ओळखलीं तर माड वांचण्याची आशा असते. परंतु पुष्कळदां शेंडा कलंडतो तेव्हांच मालकास कळतें, आणि तेव्हां माड गेलेला असतो. पांच ते वीस वर्षांचे, म्हणजे नुकते फळूं लागलेले किंवा भर उमेदीचे माड या किडीस अधिक बळी पडतात.

हा शत्रु आपणांकडे नवा नाहीं. तत्कालीन सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल लेफ्रॉय यांनीं 1906 सालच्या आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली आहे. मात्र आपल्या देशाबाहेर त्यानें जो संचार केला तो अलीकडचा आहे. 1985 च्या सुमारास तो संयुक्त अरब अमिरातींत खजुरीच्या झाडांवर आढळला. 1992 मध्यें इजिप्तमध्यें, व त्याच दशकांत स्पेनमध्यें पोहोंचला. समुद्र ओलांडून भुंगा आपल्या पंखांनीं गेला नाहीं. रोपें व शोभेचीं झाडें यांच्या पोटांत बसून माणसांनींच त्यास नेलें. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांतील मुलें आखाती देशांत नोकरीस आहेत. तेथील खजुरीच्या बागांत जागोजाग टांगलेल्या बादल्या त्यांनीं पाहिल्या असतील. त्या याच भुंग्यासाठीं असतात. 2017 च्या मार्च महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें रोम येथें केवळ या एका किडीच्या विचारासाठीं अनेक राष्ट्रांची सभा भरविली होती. ज्यास आपण वाडींतला एक भुंगा समजतों त्याचा हा लौकिक आहे.

गंधाची युक्ति

कीटक एकमेकांशीं गंधानें बोलतात, ही गोष्ट आतां सर्वमान्य आहे. जर्मनींतील रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनीं 1959 सालीं रेशमाच्या सुमारें पांच लक्ष मादी पतंगांपासून असा पहिला गंध वेगळा काढला. सोंड्या भुंग्याचा गंध 1993 सालीं ओळखला गेला. आतां तो रसायनशाळेंत तयार करून लहान पुडींत किंवा कुपींत भरून विकला जातो.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कापसाच्या बोंडअळीसाठीं जे सापळे लावतात त्यांत मादीचा गंध असतो व त्यानें फक्त नर येतात. सोंड्या भुंग्याचें उलट आहे. येथें गंध सोडतो तो नर. त्यास चांगलें खाद्य सांपडलें म्हणजे तो हा गंध सोडून जातभाईंस वर्दी देतो, आणि त्या वर्दीवर नर व मादी दोन्ही धांवून येतात. सापळ्यांत सांपडणाऱ्यांत मादींचें प्रमाण बहुधा अधिकच असतें. आम्हीं वर मांडलेला हिशेब ज्यांनीं वाचला त्यांस या एका गोष्टीचें मोल निराळें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ही कीं, गंधाची वर्दी आली तरी तेथें अन्नाचा वास नसेल तर भुंगा फसत नाहीं, निदान पुरेसा फसत नाहीं. आंबूं लागलेल्या माडाचा, उसाचा किंवा केळ्याचा वास त्या गंधास जोडला म्हणजे ओढ पुष्कळ पटींनीं वाढते. गंधाची पुडी मिळण्यापूर्वीं केरळांत माडाचे ओंडके उभे चिरून त्यांवर ताडी शिंपडून भुंगे गोळा करण्याची रीत होती, ती याच तत्त्वावर. आतांच्या सापळ्यांत दोन्ही गोष्टींचा मिलाफ केला आहे.

आमची चूक

3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास धडकलें व रायगड आणि उत्तर रत्नागिरींतील वाड्यांची काय दशा झाली, तें बहुतेक वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्या सेवेचे शेवटचे महिने त्या पडझडीचे पंचनामे लिहिण्यांतच गेले. पडलेले माड मोजले गेले. परंतु जे कलून, शेंडा पिळवटून, खोडास चिरा पडून उभे राहिले त्यांची पुढें कोणी मोजदाद केली नाहीं. तो खर्च नंतरच्या दोन-तीन वर्षांत वसूल झाला. वादळाच्या जखमांवाटे सोंड्या भुंगा आंत शिरला, व वाड्यांतून कुजत पडलेल्या ओंडक्यांत गेंड्या भुंग्याची वीण वाढली.

सेवानिवृत्त होऊन आम्ही वाडींत लक्ष घालूं लागलों तेव्हां बावन्न माडांपैकीं चौदा लहान, आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांतील एकाचा शेंडा कलंडला. आम्ही घाबरून तालुक्याच्या गांवीं गेलों व एका दुकानांतून गंधाची पुडी व प्लास्टिकची बादली घेऊन आलों. दुकानदार म्हणाला, "माडावर टांगा, भुंगे आपोआप येतील." आम्हींहि अधिक चौकशी केली नाहीं. घरापासून जवळ पडावें म्हणून एका लहान माडाच्याच खोडास बादली बांधली. आंत अन्न घातलें नाहीं. पाणी घातलें तें आठ दिवसांत आटलें, व पुन्हां घालण्याचें राहून गेलें.

दुकानदार खोटें बोलला नव्हता. भुंगे आले. परंतु ते बादलींत पडले नाहींत. ज्या झाडावर बादली होती त्या झाडांत व त्याच्या शेजारच्या दोन झाडांत गेले. पांच महिन्यांत तिन्ही माड गेले. सापळा म्हणून जें आम्हीं लावलें होतें तें खरोखर जेवणाचें आवतण होतें, आणि पाहुण्यांस बसावयाचें पान आम्हींच जवळ मांडून ठेवलें होतें. आठ वर्षें पाणी घालून वाढविलेलें झाड स्वतःच्या आळसानें तोडावें लागणें ही गोष्ट लिहावयास सोपी नाहीं. पण ती लिहिल्यावांचून या लेखास अर्थ राहणार नाहीं.

हद्दीवरचा माड

नुकसान एवढ्यावर थांबलें नाहीं. आमच्या व शेजाऱ्यांच्या वाडीच्या मधोमध, दगडी गडग्याला लागून, एक जुना माड होता. वादळांत तो कलला. पुढल्या पावसाळ्यांत त्याचा शेंडा बसला. आम्ही म्हणत होतों माड आमचा, ते म्हणत होते माड त्यांचा. माड जिवंत होता तेव्हां नारळांसाठीं वाद होता. मेल्यावर वाद उरावयास नको होता. परंतु झालें असें कीं, तोडील तो मालकी सांगतो असा समज दोन्ही घरीं पक्का बसला, आणि न तोडील त्यानें हक्क सोडला अशीहि भीति राहिली. सबब दोघेहि एकमेकांस 'तुम्ही हात लावूं नका' असें बजावीत बसलों, आणि माड उभ्याउभ्या कुजत राहिला. असले वाद आम्हीं चाकरींत शेंकड्यांनीं लिहून घेतले होते व मनांतल्या मनांत पक्षकारांस हंसलोंहि होतों.

आमची बादली पाहून शेजारी एके दिवशीं गडग्यापाशीं आले. वयानें ते आमच्यापेक्षां बरेच वडील. आम्ही त्यांस काका म्हणतों. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या डब्यानं सगळ्या गांवचे भुंगे गोळा केलेत. माझे दोन माड गेले, त्याची भरपाई कोणी करायची?" आम्ही रागानें उत्तर देणार होतों, पण देतां येईना, कारण त्यांच्या बोलण्यांत तथ्य होतें.

त्यानंतर कृषि खात्यांतील एका जाणत्या गृहस्थांस आम्ही वाडी दाखविली. त्यांनीं प्रथम आमची बादली उतरविली, मग हद्दीवरच्या माडाकडे बोट करून विचारलें, "हा कोणाचा?" आम्ही व काका दोघेहि गप्प. ते म्हणाले, "कोणाचाहि असो, तुम्हां दोघांचे माड येथूनच जात आहेत." मरणाऱ्या माडांत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आपलें वाढणें पुरें करून भुंगे होऊन बाहेर पडतात; पुढें तेंच खोड कुजून भुसभुशीत झालें कीं त्यांत गेंड्या भुंगा अंडीं घालतो; गेंड्या भुंगा शेजारच्या माडांच्या शेंड्यांस भोंकें पाडतो; आणि त्या भोंकांवाटे सोंड्या भुंगा पुन्हां आंत शिरतो. अशी ही दोघां चोरांची भागीदारी त्यांनीं आम्हांस समजावून दिली.

त्या संध्याकाळीं आम्हीं एक कागद केला. 'हा माड उभयतांनीं मिळून तोडिला असून या तोडण्यानें कोणाचाहि हक्क सिद्ध अगर बाधित होत नाहीं' असें त्यांत लिहून दोघांनीं सह्या केल्या व दोन शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या. आमच्या साऱ्या चाकरींत यापेक्षां उपयोगी कागद आम्हीं लिहिला असेल असें वाटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं माड पाडून चिरला. गाभ्यांत काथ्याच्या कोषांची रास होती. कित्येक कोषांत भुंगे तयार होऊन बाहेर पडण्याच्या बेतांत होते. बुंध्याकडील कुजलेल्या भागांत गेंड्या भुंग्याच्या जाड, वळलेल्या अळ्या निघाल्या. काका बराच वेळ तें पाहत उभे राहिले व म्हणाले, "आपण दोघांनीं मिळून हें पाळलं होतं." मग आम्हीं सर्व तेथेंच जाळलें.

सापळा कसा लावावा

आतां जी रीत आम्ही पाळतों ती येणेंप्रमाणें आहे.

पांच ते दहा लिटरची झांकणाची प्लास्टिक बादली घ्यावी. रंग गडद असावा. वरच्या कडेखालीं चारी बाजूंस भुंगा सहज शिरेल अशीं, सुमारें दोन इंचांचीं चार भोंकें पाडावीं. बाहेरून गोणपाट गुंडाळून बांधावें, म्हणजे भुंग्यास पाय रोंवून वर चढतां येतें. आंतील बाजू गुळगुळीतच ठेवावी, म्हणजे आंत पडलेला वर येत नाहीं. गंधाची पुडी झांकणाच्या आंतून तारेनें टांगावी; ती पाण्यास लागतां कामा नये. तळाशीं एक-दीड लिटर पाणी, त्यांत थोडा कपडे धुण्याचा साबण, आणि अन्न म्हणून पिकलेलीं केळीं, उसाचे तुकडे किंवा माडाच्या झावळीच्या देठाचे तुकडे, मूठभर गूळ व थोडें यीस्ट घालावें. साबणानें भुंगा लवकर बुडतो.

जागेविषयीं सर्वांत अधिक काळजी घ्यावी. सापळा माडावर टांगूं नये, आणि लहान माडांजवळ तर कधींहि नाहीं. वाडीच्या कडेस, लहान माडांपासून शक्य तितक्या दूर, दुसऱ्या जातीच्या झाडास किंवा खांबास, कमरेइतक्या उंचीवर व सावलींत टांगावा. उन्हांत गंध लवकर उडून जातो व पाणीहि आटतें. सामान्यतः एक हेक्टरास, म्हणजे सुमारें अडीच एकरांस, एक सापळा पुरतो. साडेसात मीटर अंतरानें लावलेल्या बागेंत इतक्या जागेंत सुमारें पावणेदोनशें माड असतात.

दर आठवड्यास सापळा उघडून भुंगे मोजावे व नष्ट करावे, पाणी भरावें, अन्न आठ-दहा दिवसांनीं बदलावें. पुडी तीन-चार महिने चालते, कडक उन्हाळ्यांत त्याहून कमी. वेष्टनावरील सूचना पाहून ती वेळेवर बदलावी. न फोडलेली पुडी थंड जागीं ठेवावी. ज्यास आठवड्यास एक वेळ इतकें करणें जमणार नाहीं, त्यानें सापळा लावूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. निष्काळजीपणें लावलेला सापळा न लावलेल्या सापळ्यापेक्षां अधिक नुकसान करतो, याचा दाखला वर दिलाच आहे.

एक वही अवश्य ठेवावी. आमच्या वहींत तारीख, नर, मादी, अन्न बदलल्याची खूण व शेरा असे पांच रकाने आहेत. वहीचा उपयोग केवळ हौसेचा नाहीं. एखाद्या आठवड्यास आंकडा एकाएकीं चढला तर जवळपास कोठेंतरी नवा रोगट माड आहे असें समजून आम्ही शोधास निघतों. एकदां याच रीतीनें आंकडा दोनांवरून अकरांवर गेला, आणि शोध घेतां ओढ्यापलीकडील एका पडीक वाडींत शेंडा बसूं लागलेला माड सांपडला.

केवळ सापळ्यावर भिस्त नको

सापळा उडणाऱ्या भुंग्यास पकडतो. माडाच्या पोटांतील अळीस त्याचा कांहीं उपद्रव नाहीं. म्हणून इतर कामें सुटलीं तर सापळा व्यर्थ आहे. मेलेला किंवा वांचण्याची आशा नसलेला माड तोडून, चिरून, जाळून टाकणें हें पहिलें काम. दुसरें, माडास जखमा न करणें. चढण्यासाठीं खोडांत पायऱ्या खोदण्याची आपली चाल या किडीस दरवाजे करून देण्यासारखी आहे. हिरवी झावळी तोडावी लागलीच तर खोडापासून तीन-चार फूट देठ ठेवून तोडावी, म्हणजे जखमेचा वास खोडापर्यंत भुंग्यास आणीत नाहीं. कोठें जखम झालीच तर ती डांबरानें अगर बोर्डो मलमानें बुजवावी. कीड लागल्याचें आरंभींच कळलें तर खोडांत औषध भरून माड वांचवितां येतो. औषधाचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं. परवानगी असलेल्या औषधांची यादी सरकार वेळोवेळीं बदलतें, सबब त्या वेळीं जें चालू असेल तें कृषि अधिकाऱ्यांस किंवा भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रास विचारूनच वापरावें.

गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त याच कामाचा भाग आहे. न उमललेल्या झावळीस तो भोंक पाडतो, व ती उमलली म्हणजे पंख्यासारखी कातरलेली दिसते; या खुणेवरून तो ओळखतां येतो. पावसाळ्यांत, जून ते सप्टेंबर, त्याचा जोर विशेष. त्याची वीण शेणखताच्या खड्ड्यांत व कुजक्या ओंडक्यांत होते. म्हणून खताचा खड्डा वरचेवर उलथून अळ्या वेंचाव्या. त्यांत हिरवी मेटारायझियम बुरशी मिसळावी, ती अळ्यांस रोग लावून मारते. शेंड्यांत शिरलेला भुंगा लोखंडी आंकड्यानें ओढून काढावा व झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळीची पेंड व वाळू मिसळून भरावी. गेंड्या भुंग्यासाठींहि गंधाचा सापळा मिळतो. पण त्याची पुडी वेगळी. एकाच्या गंधानें दुसरा पकडला जात नाहीं, हें विकत घेतांना पाहावें.

एकट्याचें हें काम नव्हे

भुंग्यास सर्व्हे नंबर ठाऊक नाहीं. सातबाऱ्यावर वाडी दहा गुंठ्यांची असो वा दोन एकरांची, तो गडग्यावरून उडून जातो. हेक्टरास एक सापळा हें प्रमाण धरलें तर आपल्या गांवांतून एका सापळ्याखालीं पांच-सहा खातेदार येतात. प्रत्येकानें आपापल्या अंगणांत बादली टांगली तर दाटी होईल, व ज्याची बादली कोरडी पडेल त्याच्या शेजाऱ्याचे माड जातील. काकांनीं आमच्यावर जो आरोप केला तो मग घरोघर ऐकूं येईल.

म्हणून आमची संस्थेच्या सभासदांस सूचना आहे कीं, हें काम वाडीवार न करितां गांववार करावें. गांवचा नकाशा पुढें घेऊन, लहान माड कोठें आहेत तें पाहून, सापळ्यांच्या जागा एकत्र बसून ठरवाव्या. पुड्या संस्थेनें एकदम आणाव्या व एकाच तारखेस बदलाव्या. आठवड्याची मोजणी एखाद्या तरुणाकडे थोड्या मोबदल्यावर सोंपवावी. खर्च माडांच्या संख्येप्रमाणें वांटावा. गैरहजर मालकांच्या पडीक वाड्यांतील मेलेले माड त्यांची लेखी संमति आणवून तोडावे. मुंबईस असलेला मालक पत्रास उत्तर देत नाहीं ही तक्रार आम्हांस माहीत आहे; पण 'तोडण्यानें हक्कास बाध येत नाहीं' असा मजकूर वाचल्यावर उत्तर बहुधा येतें, असा आमचा अनुभव आहे. तशा कागदाचा मसुदा हवा असल्यास आम्ही आनंदानें लिहून देऊं.

आमच्याकडे ही व्यवस्था आठ खातेदारांनीं मिळून केली आहे. भुंगे नाहींसे झाले असें आम्ही म्हणत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमचा एक माड गेलाच. चिन्हें दिसण्यापूर्वींच कीड खोल गेली होती. परंतु पूर्वीं माड गेला कीं हात कपाळास लावून बसत असूं. आतां त्याच दिवशीं कुऱ्हाड, चिरणें, जाळणें व वहींत नोंद, असें चारहि कामें उरकतों, व त्या मेल्या माडापासून दुसरा जात नाहीं. सापळ्यांतील मोजणीहि पहिल्या वर्षापेक्षां उतरली आहे.

हद्दीवरच्या माडाची जागा रिकामी होती. तेथें काकांनीं रोप आणलें व आळें आम्हीं खणलें. त्याचे नारळ कोणाचे, हा प्रश्न पांच-सहा वर्षांनीं उपस्थित होईल. तो माड तेव्हांपर्यंत जगावा व तो वाद करण्याची वेळ यावी, एवढीच आमची इच्छा आहे.